चढण्याआधीच दिसलेला चिखलदरा

सातपुड्यातल्या चिखलदरा या थंड हवेच्या ठिकाणाबद्दल वऱ्हाडात दोन मतं कायम कानावर येतात. एक म्हणतो, "पावसाळ्यात एकदा जाऊन पाहा, खाली यावंसंच वाटत नाही." दुसरा म्हणतो, "काय हाय तिथं पाहाले? पाच-सात पॉइंट अन् माकडं." दोघंही त्याच घाटातून वर गेलेले असतात. त्याच देवी पॉइंटवर उभे राहिलेले असतात, त्याच टपरीवर दोघांनी भजी खाल्लेली असतात. मग फरक पडला कुठे? बऱ्याच अंशी तो घाट चढण्याआधीच पडलेला असतो. प्रत्येक जण मनात एक चिखलदरा घेऊनच घाटाखालचं परतवाडा सोडतो आणि वर पोचल्यावर समोरचा डोंगर त्याच्याशी ताडून पाहतो.

पर्यटनाचे अभ्यासक मनातल्या या चित्राला पर्यटनस्थळाची प्रतिमा म्हणतात. पन्नासेक वर्षांपासून जगभर तिचा अभ्यास चालू आहे, आणि त्याची एक सुरुवात डोंगराळ मुलखातूनच झाली. जॉन हंट या अमेरिकन अभ्यासकाने रॉकी पर्वताच्या परिसरातल्या युटा, कोलोरॅडो, मोंटाना आणि वायोमिंग या चार राज्यांबद्दल लांबच्या लोकांना काय वाटतं हे तपासलं. १९७५ साली त्याने ते प्रसिद्ध केलं. त्याचं म्हणणं असं की एखाद्या भागात पर्यटन वाढेल की नाही, हे तिथे खरोखर काय आहे यावर जितकं ठरतं, तितकंच ते लोकांना कसं वाटतं यावरही ठरू शकतं. पुढे १९७९ मध्ये क्रॉम्प्टन यांनी प्रतिमेची जी व्याख्या केली ती आजही वापरात आहे: एखाद्या ठिकाणाबद्दल माणसाच्या मनात साठलेल्या समजुती, कल्पना आणि ठसे यांची गोळाबेरीज म्हणजे त्या ठिकाणाची प्रतिमा.

हा विषय विद्यापीठाच्या प्रबंधांपुरता राहू नये, असं मला मनापासून वाटतं. सातपुड्यात खोली भाड्याने देणारा, रबडी विकणारा, जिप्सी चालवणारा माणूस याच चित्रावर जगतो. पण ते चित्र काढताना त्याला कोणी विचारलेलं नसतं.

चित्र बनतं कुठून

क्लेअर गन या अभ्यासकाने १९७२ मध्ये प्रतिमेचे दोन उगम सांगितले. एक आपोआप साचत गेलेली प्रतिमा, दुसरी मुद्दाम घडवलेली. दुसरी ओळखायला सोपी आहे. पर्यटन महामंडळाचं माहितीपत्रक, हॉटेलची जाहिरात, सहल कंपनीचा फलक हे सगळं तिच्यात येतं. ते पाहणाऱ्याला ठाऊक असतं की समोरच्याला आपल्याला काही विकायचं आहे, म्हणून तो थोडा हातचा राखूनच विश्वास ठेवतो.

पहिली प्रतिमा मात्र नकळत आत शिरते, आणि आपल्याकडे ती फार लवकर शिरते. दर्यापूर, अंजनगाव, मोर्शी, चांदूर बाजार अशा गावांतल्या शाळांमध्ये शिकलेल्या कितीतरी मुलांनी आयुष्यातला पहिला डोंगर शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो, आणि तो बहुतेकदा चिखलदऱ्याचाच असतो. ज्यांची सहल हुकली त्यांनी भाऊ-बहिणींकडून ऐकलेलं असतं. त्याच्याही आधी आजीने सांगितलेली गोष्ट असते: भीमाने कीचकाला इथे मारलं, दरीत फेकलं आणि भीमकुंडात अंग धुतलं. म्हणून एखाद्या वऱ्हाडी मुलासाठी हा डोंगर पर्यटनस्थळ होण्याआधी महाभारतातली जागा असतो. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याकडे ही गोष्ट नसते. त्याच्या मनात विदर्भ म्हणजे ऊन आणि कापूस. त्या उन्हाच्या मुलखात थंड हवेचं ठिकाण असू शकतं, हेच त्याला पटायला वेळ लागतो. आजूबाजूच्या मोठ्या प्रदेशाची प्रतिमा आतल्या छोट्या जागेवर पसरते, हा या अभ्यासातला जुना अनुभव आहे.

या दोन उगमांच्या मधला एक उगम गार्टनर यांनी १९९३ मध्ये नीट वेगळा काढून दाखवला. तो म्हणजे बातम्या, माहितीपट आणि सिनेमा. त्यांच्यासाठी त्या ठिकाणाने पैसे मोजलेले नसतात, म्हणून लोक त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवतात. वर्षानुवर्षांची प्रतिमा थोड्या दिवसांत उलटीपालटी करण्याची ताकद बातम्यांमध्ये असते. चिखलदरा ज्या डोंगराळ जंगलात आहे त्या मेळघाटाला ती पुरेपूर अनुभवावी लागली. त्याकडे पुढे येतोच.

प्रतिमेला तीन पदर असतात, असंही गार्टनर सांगतात. पहिला माहितीचा: उंची किती, घाट कसा, राहायला काय, खायला काय. दुसरा भावनेचा: जागा प्रसन्न वाटते की उदास, चैतन्याची वाटते की झोपाळलेली, निवांत वाटते की भीतीची. तिसरा कृतीचा: जायचं की नाही, कधी, कोणाबरोबर. बलोग्लू आणि मॅक्लिअरी यांनी १९९९ मध्ये दाखवलं की ठिकाणाचं एकूण चित्र ठरवण्यात भावनेचा वाटा मोठा असतो आणि माहिती बऱ्याचदा त्या भावनेतून वाट काढूनच पुढे जाते. आपल्या पर्यटनाच्या फलकांवर उंची, अंतर आणि पॉइंटांची नावं एवढंच लिहिलेलं असतं. त्यांतून माणसाच्या मनात काही का हलत नाही, याचं उत्तर इथे आहे.

"थंड हवेचं ठिकाण" म्हणजे किती थंड?

आता सगळ्यांत जास्त निराशा जिथून उगवते त्या मुद्द्याकडे येऊ. मे महिन्यात शाळांना सुट्ट्या लागतात, अकोला-अमरावतीत पारा ४५ अंशांकडे जातो आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, चला चिखलदऱ्याला. वर पोचल्यावर दुपारी ऊन लागतं, खोलीत पंखा लावावा लागतो, आणि परत येऊन माणूस सांगतो, "कायचं थंडं, तिथं बी तेवढंच तापते."

हिशेब अगदी साधा आहे. अमरावती शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटरवर आहे, चिखलदरा सुमारे १,११८ मीटरवर. वर जाताना हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे या दोन ठिकाणांत फरक पडतो पाचेक अंशांचा. खाली ४५ असेल तर वर ४०. दिवसा ४० अंश म्हणजे कडक ऊनच. रात्री आणि पहाटे मात्र हा फरक अंगाला चांगला जाणवतो. चिखलदऱ्याच्या मे महिन्याची खरी देणगी रात्रीची झोप आहे, पण ती जाहिरातीत कधीच नसते.

मग या जागेला थंड हवेचं ठिकाण म्हटलं तरी कोणी? १८२३ मध्ये हैदराबाद पलटणीतला कॅप्टन रॉबिन्सन इथे आला, तेव्हापासून इंग्रजांच्या नजरेत ही जागा भरली असं सांगितलं जातं. तो काळ विजेच्या पंख्याआधीचा. मैदानातला उन्हाळा आणि हिवताप या दोन्हींना घाबरलेल्या त्या अधिकाऱ्यांना पाच अंशांचा फरकही मोठा होता. पुढच्या काही दशकांत महाबळेश्वर वसलं, १८५० मध्ये माथेरानचा शोध लागला, १८५७ मध्ये कॅप्टन फोर्सिथ मध्य प्रदेशातल्या पचमढीला पोचला. डोंगरावर सुट्टी कशी घालवायची याचा एक साचाच त्यांनी पाडला. कड्यावर पॉइंट, त्यांना इंग्रजी नावं, मध्ये तलाव, भोवती बंगले, एक चर्च, एक बाग. चिखलदऱ्यातला प्रॉस्पेक्ट पॉइंट, हरिकेन पॉइंट ही त्याच साच्याची खूण.

साहेब गेला, साचा राहिला. आजही आपण डोंगर पाहतो म्हणजे पॉइंट पाहतो. गाडी थांबते, माणसं कठड्यापर्यंत जातात, फोटो निघतो, गाडी पुढच्या पॉइंटकडे वळते. या पद्धतीने चिखलदरा तीन-चार तासांत संपतो. "पाच-सात पॉइंट" ही तक्रार खरीच आहे, कारण तो माणूस जे मोजायला आला होता तेच त्याने मोजलं. इंग्रज अधिकारी इथे आठवडेच्या आठवडे मुक्काम करत आणि पॉइंट म्हणजे त्यांची संध्याकाळी फिरायला जाण्याची जागा असे. मुक्काम गळून गेला आणि यादी तेवढी उरली.

या साच्यामुळे तुलनाही ठरलेली होते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चिखलदऱ्यात तो दीड हजार मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वर पाहिलेल्या माणसाला म्हणूनच इथलं सगळं कमी वाटतं. उलट अमरावतीच्या काळ्या मातीतल्या शेतकऱ्याला घरच्या आभाळापेक्षा दुपटीजवळ जाणारा पाऊस आणि घाटात अंगावर येणारे ढग पाहून हरखायला होतं. डोंगर दोघांसाठी एकच. माणूस ज्या जागेहून निघतो आणि आधी जे पाहून आलेला असतो, त्यावर त्याची मोजपट्टी ठरते. समाधानाचा अभ्यास करणारे ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये हाच धागा मांडला होता: माणूस खूश होतो की नाराज, हे त्याला मिळालेल्या गोष्टीवर आणि तिची त्याने जी अपेक्षा धरली होती तिच्यावर, दोन्हींच्या फरकावर ठरतं.

एका ऋतूचं चित्र बारा महिने

मोबाइलवर चिखलदरा शोधला तर जवळजवळ प्रत्येक फोटो जुलै ते सप्टेंबरमधला निघतो. हिरवेगार उतार, पंचबोलच्या दरीवर लोंबणारे ढग, धबधबे. फोटो खरे आहेत, पण ते वर्षातल्या तीन महिन्यांचे आहेत.

मेळघाटाचं जंगल सागाचं आहे, पानगळीचं. साधारण फेब्रुवारीपासून पानं झडायला लागतात आणि एप्रिल-मे महिन्यात डोंगरच्या डोंगर तपकिरी होतात. साग पानं टाकतो ते पाणी वाचवण्यासाठी, आणि पहिल्या पावसानंतर तो पुन्हा मोठमोठ्या पानांनी भरतो. हे जंगल निरोगी असण्याचंच लक्षण आहे. पण हिरवा फोटो मनात घेऊन एप्रिलमध्ये आलेल्या माणसाला वाटतं, जंगल मेलं, तोडलं, जळालं. त्याला फसवल्यासारखं होतं.

मला सर्वांत जास्त हळहळ याच गोष्टीची वाटते. कारण त्या तपकिरी महिन्यांत इथे जे असतं ते कोणाच्या चित्रातच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटतो, मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात बायका-पोरं मोहफुलं वेचायला निघतात, मे महिन्यात तेंदूपत्त्याची घाई असते. फाल्गुनात होळी येते. होळी हा इथल्या कोरकू आदिवासींचा वर्षातला मोठा सण. कामासाठी लांब गेलेली माणसं तेव्हा गावी परततात, मेघनाथाचा खांब पुजला जातो, ढोल-बासरीवर नाच रंगतो. पक्षी पाहणाऱ्यांना तर पानं झडलेलं जंगलच सोयीचं. रानपिंगळा हा छोटा घुबड १८८४ नंतर कोणाला दिसलाच नव्हता, नष्ट झाला असंच सगळे मानत होते. १९९७ मध्ये तो आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि नंतर मेळघाट हे त्याचं एक महत्त्वाचं घर असल्याचं दिसून आलं. हा पक्षी दिवसा वावरतो, सागाच्या उघड्या फांदीवर बसतो. त्याच्यासाठी देश-परदेशातून येणाऱ्या माणसाच्या मनातलं मेळघाटाचं चित्र हिरवं नसतंच.

ऐन पावसाळ्यातही सगळं फोटोसारखं नसतं. दरीचं दृश्य आणि दाट धुकं ही दोन्ही आश्वासनं एकाच जाहिरातीत असतात, पण ती एका वेळी पाळता येत नाहीत. धुकं असलं की पॉइंटवर पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. जंगलातले बरेच सफारी मार्गही चिखलामुळे बंद असतात. शिवाय सगळ्यांच्या मनात तेच तीन महिने, त्यातही शनिवार-रविवार. मग घाटात गाड्यांची रांग, दुप्पट झालेलं खोलीभाडं, कड्याखाली प्लास्टिक. आणि उरलेल्या महिन्यांत त्याच खोल्यांना कुलूप. एका ऋतूचं चित्र फार यशस्वी झालं की गावाला असं सोसावं लागतं.

एकाच डोंगराची दोन नावं

चिखलदरा आणि मेळघाट हे नकाशावर एकमेकांत मिसळलेले आहेत. चिखलदरा हा मेळघाटातलाच तालुका, दुसरा धारणी. पण लोकांच्या मनात या दोन नावांचे दोन वेगळे मुलूख आहेत. चिखलदरा म्हटलं की धुकं, कॉफी, रबडी. मेळघाट म्हटलं की वाघ आणि कुपोषण.

वाघाची प्रतिमा सरकारने आणि निसर्गप्रेमींनी घडवली. १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाले तेव्हाच्या पहिल्या नऊंमध्ये मेळघाट होता. पण या प्रतिमेतही एक खोच आहे. ताडोब्याला जाऊन आलेला माणूस इथे वाघ दिसेलच असं धरून येतो. ताडोब्याची जमीन बरीचशी सपाट, पाणवठे ठरलेले. मेळघाटात २,७०० चौरस किलोमीटरहून मोठा पसारा, खोल दऱ्या, चढ-उतार. वाघ आहेत, पण ते रस्त्यावर येऊन दर्शन देतील अशी ही जमीन नाही. ताडोब्याचं चित्र घेऊन आलेला पाहुणा मग सेमाडोह-कोलकासच्या नदीकाठाला, सिपनेच्या डोहांना, अस्वलाच्या पायठशांना काही किंमतच देत नाही.

कुपोषणाची प्रतिमा बातम्यांनी दिली. १९९० च्या दशकात मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. उच्च न्यायालयात याचिका झाल्या, मंत्र्यांचे दौरे झाले. त्या बातम्या छापल्या गेल्या हे योग्यच झालं, आणि तो प्रश्न अजून मिटलेला नाही. पर्यटनाचं चित्र सुंदर दिसावं म्हणून त्यावर पांघरूण घालावं, असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या बातम्यांनी कोरकू माणसाचा एकच चेहरा लोकांपर्यंत नेला, दया करावी असा. आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकांनी त्याला दुसरा चेहरा दिला, रंगीत कपड्यांत नाचणारा. या दोन्हींमध्ये तो शेतकरी, शिक्षिका, वनरक्षक, दुकानदार कुठेच नसतो. पाहुणा गावात शिरतो तेव्हा या दोनपैकी एक नजर घेऊन शिरतो. काही जण बिस्किटांचे पुडे वाटतात, काही जण न विचारता अंगणात घुसून फोटो काढतात. प्रतिमा इथे माणसांच्या वागण्यात उतरते, आणि म्हणून ती केवळ धंद्याची गोष्ट राहत नाही.

गाविलगडाचंही असंच काहीसं झालं आहे. महाराष्ट्रात गड म्हटलं की शिवकाल डोळ्यांसमोर येतो आणि त्या चित्रात गाविलगड बसत नाही. बहमनी, वऱ्हाडची इमादशाही, नागपूरचे भोसले अशी त्याची परंपरा. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला, आणि दोनच दिवसांनी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. भारताच्या इतिहासाला वळण देणारी ही लढाई चिखलदऱ्यापासून हाकेच्या अंतरावर झाली. पण बहुतेक पाहुणे दुरून तट पाहतात, दरवाजावरचं गंडभेरुंडाचं, म्हणजे दोन डोक्यांच्या पक्ष्याचं, शिल्प न पाहताच परततात. माहिती फलकावर आहे. ती पकडायला मनात खुंटी नाही.

महादेवाचा डोंगर

डोंगराकडे बघण्याची आपली स्वतःची एक फार जुनी रीत आहे आणि ती इंग्रजांच्या साच्यात मावत नाही. विदर्भातल्या खेड्यांत पचमढीला "हिल स्टेशन" म्हणून ओळखणारे थोडे. इथल्या माणसासाठी ती महादेवाची जागा आहे. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन हजाराहून जास्त पायऱ्या चढून चौरागडावर तो वाहायचा, किंवा नागपंचमीच्या सुमारास भर पावसात नागद्वारीची अवघड वाट चालायची. नवस असतो, घराण्याची रीत असते, वाटेवर म्हणायची गाणी असतात. ज्यांना तिकडे जमत नाही ते मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीला छोट्या महादेवाला जातात.

याच पचमढीत त्याच आठवड्यात नागपूरचं एखादं कुटुंब हॉटेलात उतरलेलं असतं. त्यांना निवांतपणा हवा, नजारे हवेत, गर्दी नको. यात्रेकरूला गर्दीच हवी. गर्दीशिवाय यात्रा कसली? एकाला चढण म्हणजे अडचण, दुसऱ्याला चढणीतच पुण्य. प्रतिमेच्या अभ्यासात वापरली जाणारी प्रश्नावली या दोघांपुढे ठेवली, तर "सोयी कशा आहेत" या प्रश्नाला दोघं वेगळी उत्तरं देतील आणि दोन्ही बरोबर असतील. यात्रेकरू वर्षानुवर्षं येतो, वाट खराब असली तरी येतो, फोटो पाहून येत नाही. जाहिरातीने असा पाहुणा कधीच मिळाला नसता.

पुन्हा पुन्हा येणारा माणूस वेगळा असतो हे आकड्यांनीही दाखवलेलं आहे. फाके आणि क्रॉम्प्टन यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात कधीही न आलेले, पहिल्यांदा आलेले आणि वारंवार येणारे अशा तिघांच्या मनातली चित्रं ताडून पाहिली आणि ती वेगवेगळी निघाली. न आलेल्याचं चित्र ठोकळेबाज असतं, चार-दोन गोष्टींवर उभं असतं. येऊन राहिलेल्याच्या चित्रात माणसं येतात, बारकावे येतात. आपल्याकडेही हे दिसतं. चिखलदऱ्याजवळच्या मोथा गावात एखाद्या घरी मुक्काम केलेला, तिथल्या म्हशींच्या दुधाचा खवा चाखलेला, हिवाळ्यात स्ट्रॉबेरीच्या वाफ्यातून फिरलेला माणूस पुढे "पाच-सात पॉइंट" असं बोलत नाही.

चिखलदऱ्यातल्या सिडकोच्या काचेच्या स्कायवॉकबद्दल बरीच वर्षं बोललं जातंय, म्हणून दोन शब्द. असं काही उभं राहिलं की गर्दी नक्की वाढते, कारण एका वाक्यात सांगता येईल असं कारण लोकांना मिळतं. पण तेही शेवटी पॉइंटच्या यादीत एकाची भर. मुक्काम वाढवण्याचं काम ते आपोआप करणार नाही.

वरच्या माणसाने काय विचारावं

एक्टनर आणि रिची या अभ्यासकांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला प्रतिमा मोजण्यासाठी तीन मोकळे प्रश्न सुचवले. त्यांना संगणक लागत नाही की सल्लागार लागत नाही. चिखलदऱ्यात किंवा जवळच्या आमझरी गावात घरी पाहुणे ठेवणारी बाई ते चहा देतानाही विचारू शकते. इथलं नाव ऐकल्यावर तुमच्या मनात पहिल्यांदा काय येतं? इथे आल्यावर कसं वाटेल असं वाटलं होतं? दुसरीकडे कुठेच नाही, इथेच आहे, असं तुम्हाला काय माहीत आहे?

तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. धुकं, दरी, धबधबा ही उत्तरं कुठल्याही डोंगराला लागू पडतात आणि त्यात महाबळेश्वर नेहमी पुढे राहणार. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथेच, हे किती पाहुण्यांना येण्याआधी ठाऊक होतं? कोरकू भाषा मराठीच्याही कुळातली नाही, हिंदीच्याही नाही, ती झारखंडातल्या मुंडारी-संताळीच्या घरातली आहे, हे कोणी ऐकलं होतं? बहुतेक पाहुण्यांचं उत्तर कोरं राहील. त्या कोऱ्या जागेतच पुढचं काम आहे. उत्तरं एका वहीत तारखेसह लिहून ठेवली, तर दोन वर्षांत गावाकडे स्वतःचा अभ्यास तयार होईल: कोणत्या महिन्यात कोण येतो, काय धरून येतो, कशावर नाराज होतो.

मग बोलणं बदलता येतं, आणि ते पहिल्या फोनपासून बदलावं. मे महिन्यात खोली विचारणाऱ्याला खरं सांगावं: दुपारी ऊन असतं, अकरा ते चार आत बसावं लागेल, जंगल वाळलेलं दिसेल, पण संध्याकाळी वैराटच्या उंच पॉइंटवर वारा असतो आणि रात्री अंगणात खाट टाकली तर पहाटे पांघरूण घ्यावं लागतं. जुलैमध्ये विचारणाऱ्याला सांगावं की शनिवारी येऊ नका, मंगळवारी या, आणि एक दिवस धुक्यातच जाईल असं धरूनच दोन दिवस ठेवा. मार्चमध्ये कोणी विचारतच नाही. म्हणून मार्चचे फोटो आपणच टाकायला हवेत, पळसाचे आणि उघड्या सागाचे, खाली महिना लिहून.